कोडचं वाक्यपृथक्करण

"ताई, अकरा रुपये लागत नाहीत."

मार्चमधली संध्याकाळ होती. सांगलीच्या वसंतदादा पाटील मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात चालू होते. आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका आडत दुकानाचे दिवाणजी फोनवर होते. अकरा रुपयांचं काय एवढं, असं मी म्हटलं नाही. आडतीच्या धंद्यात रुपया न लागणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे त्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबात, हमाली-तोलाई म्हणून जेवढं कापलं, त्याची बेरीज आणि हमालांना वाटायच्या रजिस्टरातली बेरीज एकच यायला हवी. "आज अकरा, काल सात, परवा चौदा. माझ्या वहीत जुळतंय. तुमच्या कॉम्प्युटरात जुळत नाही," ते म्हणाले. कॉम्प्युटर आला तरी त्यांनी हाताची वही सोडलेली नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या गादीसमोर जाऊन बसले. आदल्या दिवसाच्या सगळ्या पट्ट्या काढल्या आणि एकेक रजिस्टराशी ताडून पाहिली. चुकलेल्या पट्ट्या अकराच निघाल्या, प्रत्येकीत एक रुपया. मग पोती बघितली. पाच, नऊ, एक, तेरा, परत पाच, सतरा. तीन पोत्यांची पट्टी बरोबर, सात पोत्यांची बरोबर, अकराची बरोबर. सम संख्येच्या तर सगळ्याच बरोबर. त्या दुकानात हमाली-तोलाई मिळून पोत्यामागे साडेबारा रुपये धरतात. पाच पोत्यांचे होतात साडेबासष्ट. रजिस्टरात त्रेसष्ट लागले होते, पट्टीत बासष्ट. सात पोत्यांचे साडेसत्याऐंशी, तिथं दोन्हीकडे अठ्ठ्याऐंशी.

हे आकडे कागदावर एकाखाली एक लिहिल्यावर कारण कळलं. आमचा मूळ कोड आमच्या सरांनी पायथन २ मध्ये, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीत लिहिलेला. त्यात राउंड हे आकडा पूर्ण करणारं फंक्शन बरोबर अर्धा आला की वरच्या रुपयाला न्यायचं. पायथन ३ आलं २००८ मध्ये, आणि त्यात हा नियम बदलला. बरोबर अर्धा असेल तर जवळच्या सम संख्येकडे जायचं. साडेबाराचे बारा, साडेतेराचे चौदा. यालाही कारण आहे. दरवेळी वरच ढकललं तर मोठ्या बेरजेत रक्कम हळूहळू फुगत जाते, सम संख्येकडे नेलं तर निम्मे वर जातात आणि निम्मे खाली. बँकर्स राउंडिंग म्हणतात त्याला. पण यार्डाचा रिवाज "आठ आणे झाले की पुढचा रुपया" असा आहे, आणि तिथं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरनं तिथला रिवाज पाळला पाहिजे.

१ जानेवारी २०२० ला पायथन २ चा आधार बंद झाला. आम्ही बऱ्याच उशिरानं, मागच्या दिवाळीनंतर, ३ वर आलो. जुना कोड नव्यात आणणारं एक अवजार मिळतं, ते प्रिंटला कंस लावतं, इतर पुष्कळ गोष्टी बदलतं, पण राउंडला हात लावत नाही. लिहायची पद्धत तीच राहिली होती, अर्थ तेवढा बदलला होता. रजिस्टर मात्र थेट पोस्टग्रेस डेटाबेसमधून निघतं, आणि तिथला राउंड दशांश रकान्यातला अर्धा वरच नेतो. म्हणून तिकडे त्रेसष्ट आणि इकडे बासष्ट.

ती एक जागा दुरुस्त करायला पाच मिनिटं पुरली असती. दिवाणजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "असं अजून कुठं कुठं आहे?"

याच प्रश्नाचं उत्तर शोधण्यात पुढचे नऊ दिवस गेले.

विश्रामबागेतल्या ऑफिसात येऊन मी आधी ग्रेप चालवलं. केन थॉम्पसन यांनी १९७३ च्या सुमारास युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेलं हे शोधायचं अवजार. ओळीत अमुक अक्षरं आहेत का एवढंच ते बघतं. माझा त्याच्यावर जीव आहे, दिवसातून पन्नासदा तरी मी ते वापरते. राउंड शोधलं तर ८६१ ओळी आल्या. पहिल्या पानभर नुसतं "बॅकग्राउंड" होतं, खिडक्यांचे रंग ठरवणारा कोड. त्यानंतर "ग्राउंडनट". आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हळद, बेदाणा, गूळ आहे तसा भुईमूगही आहे, आणि भुईमुगाच्या इंग्रजी नावाच्या पोटात राउंड बसलेला आहे. भुईमुगाच्या शेंगांची प्रत, तेलाचं प्रमाण, ओलावा, सगळं त्या यादीत आलं.

पूर्ण शब्दच शोध, असं सांगितल्यावर यादी बरीच आटली. तरीही सरांनी मराठीत लिहिलेल्या टिपांमधला राउंड त्यात होता, गिऱ्हाइकाला दाखवायच्या संदेशातला होता, आणि बेदाण्याच्या अहवालात पांडाज नावाची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, वापरली आहे तिचा स्वतःचा राउंडही होता. तो नावानं तोच असला तरी फंक्शन वेगळं.

हा कचरा हातानं वेचून काढता आला असता. खरी अडचण पुढे होती. मला सगळे राउंड नको होते. राउंडला दोन गोष्टी देता येतात, आकडा आणि किती दशांश ठेवायचे ते. दोन दशांश ठेवणाऱ्या, पैशांपर्यंतच्या जागांचा वेगळा विचार करायचा होता. पूर्ण रुपयाच्या जागा म्हणजे ज्यात एकच गोष्ट दिली आहे किंवा दुसरी गोष्ट शून्य आहे. वाचायला सोपं जावं म्हणून इथं कोड देवनागरीत लिहिते. सरांच्या कोडमध्ये असं होतं:

राउंड(पोती * दर_काढ(माल, तारीख))

आणि दोन फाईली पुढे असं:

राउंड(
    वजन_नेट(लॉट, घट(लॉट, २)) * भाव,
    ०
)

पहिल्यात स्वल्पविराम आहे, पण तो राउंडचा नाही, आतल्या दर_काढचा आहे. दुसऱ्यात तीन स्वल्पविराम, त्यातला शेवटचाच राउंडचा, आणि तोही वेगळ्या ओळीवर. "ज्या राउंडमध्ये स्वल्पविराम नाही ते दे" असं ग्रेपला सांगितलं की पहिला सुटतो. "ज्यात आहे ते दे" म्हटलं की पहिला चुकून येतो. दुसरा तर दोन्ही वेळा हातचा जातो, कारण ग्रेप एका वेळी एकच ओळ बघतं.

एक पूर्ण दिवस मी रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे कसा मजकूर शोधायचा ते खुणांनी सांगणारी ओळ, रचत बसले. कंसाच्या आत कंस, त्याच्या आत आणखी कंस. एका पातळीसाठी जमलं, दोनसाठी जमलं, तिसऱ्या पातळीला ते मला स्वतःलाच वाचता येईना. हा माझ्या कौशल्याचा प्रश्न नव्हता. मूळ व्याख्येतल्या रेग्युलर एक्स्प्रेशनला आत्तापर्यंत किती कंस उघडले हे लक्षात ठेवायची सोयच नाही, आणि कितीही खोल जाणारे कंस त्यानं जुळवता येत नाहीत हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. काही नव्या प्रकारांत त्यासाठी जोड दिलेली असते, पण ती वापरून लिहिलेली ओळ दुसऱ्या दिवशी कुणाला तपासता येत नाही. शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न असताना तपासता न येणाऱ्या गोष्टीवर विसंबणं मला पटेना.

त्या रात्री आयर्विन पुलावरून सांगलीवाडीला घरी गेले. आई मेथी निवडत बसली होती. तिनं पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आज उशीर का झाला, असं विचारल्यावर मी तिला सगळं सांगितलं. अक्षरं सापडतात, पण मला हवी आहे रचना. राउंड हा शब्द कुठं आहे हे नको, राउंड हे काम कुठं सांगितलंय आणि त्याला काय काय दिलंय ते हवंय.

ती म्हणाली, "म्हणजे वाक्यपृथक्करणच की गं."

मग तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवून मला जे सांगितलं, त्याहून सोपं करून हा विषय मला अजून कुणी सांगितलेला नाही. ती म्हणाली, "धड्यातली कर्मणी प्रयोगाची वाक्यं शोधा, म्हटलं की पोरं काय करतात? 'ने' शोधतात. 'शेतकऱ्याने हळद विकली.' बरोबर आलं, शाबास. मग 'तो गाडीने मिरजेला गेला' यातही त्यांना 'ने' सापडतो, की लिहिलं कर्मणी. ते कर्तरी आहे. 'रामाने रावणाला मारले', यातही 'ने' आहे, पण तो भावे. आणि 'मी आंबा खाल्ला', यात 'ने' नाहीच, म्हणून ते सोडून देतात. ते खरं कर्मणी. आंबा खाल्ला, चिंच खाल्ली. क्रियापद कुणाच्या मागे चाललंय ते बघायला नको का?"

भलतं सापडणं आणि हवं ते सुटणं, दोन्ही चुका तिनं चार वाक्यांत दाखवल्या. वाक्य आधी फोडायचं, कर्ता कुठला, कर्म कुठलं, क्रियापद कुणाशी जुळतं हे ठरवायचं आणि मग शोधायचं. कोडचंही तसंच. पायथन स्वतः कोड चालवायच्या आधी हेच करतं. मजकुराचं एक झाड बनवतं. वर फंक्शनला हाक मारल्याची गाठ, तिच्या एका फांदीवर फंक्शनचं नाव, दुसरीवर त्याला दिलेल्या गोष्टी, त्या गोष्टींपैकी एखादी पुन्हा हाक असेल तर तिचं स्वतःचं उपझाड. ओळ कुठं मोडली, किती जागा सोडली, याचा या झाडाशी संबंध नाही. ग्राउंडनट तिथं एक अखंड पान आहे, त्याच्या पोटातला राउंड कुणाला दिसतच नाही. आणि आतल्या दर_काढचा स्वल्पविराम आतच राहतो.

सकाळी ऑफिसात आल्या आल्या पायथनबरोबरच येणारं एएसटी नावाचं मॉड्यूल काढलं. तीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक फाईलचं झाड कर, प्रत्येक गाठ बघ, गाठ हाकेची असेल, नाव राउंड असेल आणि दिलेली गोष्ट एकच असेल, तर फाईल आणि ओळ छाप. पहिल्याच फटक्यात १४३ जागा आल्या. शून्य दशांश दिलेल्या आणखी १९. मी त्यातल्या वीस-पंचवीस उघडून बघितल्या. एकही खोटी नव्हती. आदल्या दिवशीच्या मेहनतीनंतर ती यादी बघताना फार हलकं वाटलं.

मग वाटलं, शोधतोच आहोत तर बदलूनही घ्यावं. झाडात राउंडच्या जागी आमचं स्वतःचं फंक्शन बसवायचं. त्याला मी रुपया_पूर्ण असं नाव दिलं होतं. आत दशांश आकडे नेमके सांभाळणारं डेसिमल मॉड्यूल, अर्धा आला की वर, यार्डाच्या रिवाजाप्रमाणे. झाडावरून परत मजकूर करायची सोय पायथन ३.९ पासून आहे. एका फाईलवर चालवून बघितलं, आणि जुनी-नवी फाईल शेजारी लावली तर राउंड बदलले होते, पण त्याबरोबर सगळ्या टिपाही गेल्या होत्या.

हे झाड अर्थापुरतं असतं. टिपा, मोकळ्या ओळी, कुठला अवतरणचिन्हाचा प्रकार वापरला, हे त्यात ठेवलेलंच नसतं. पायथनला कोड चालवायला ते लागत नाही. पण आम्हाला लागतं. त्या फाईलमध्ये एका अटीच्या वर सरांची टीप होती: "ऑगस्ट २०१९. पुरात भिजलेला माल. या तारखांना हमाली वेगळी धरली आहे, दिवाणजींच्या सांगण्यावरून. ही अट काढू नये." कृष्णेचं पाणी गावात शिरलं होतं ते दिवस सांगलीत कुणाला विसरता येणार नाहीत. ती ओळ गेली असती तर दोन वर्षांनी कुणीतरी "ही विचित्र अट कशाला" म्हणून काढून टाकली असती. मी तिथंच थांबले.

म्हणजे असं झाड हवं, ज्याला प्रत्येक गाठ मूळ फाईलमध्ये कुठून कुठपर्यंत आहे हे माहीत असेल आणि बदलताना तेवढाच तुकडा बदलेल, बाकीच्या मजकुराला धक्का लावणार नाही. शोध घेतला तेव्हा एएसटी-ग्रेप सापडलं. रस्ट भाषेत लिहिलेलं, मुक्त स्रोत. झाड करण्याचं काम ते ट्री-सिटर या दुसऱ्या अवजाराकडून करून घेतं. ट्री-सिटर मुळात अ‍ॅटम या एडिटरसाठी मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी लिहिलं. आपण टाईप करत असताना, कोड अर्धवट असतानाही ते झाड करत राहतं, कुठं चूक असेल तर तेवढीच फांदी चुकीची म्हणून बाजूला ठेवतं. पुष्कळ भाषांची व्याकरणं त्यासाठी तयार आहेत. याच घरातली आणखीही अवजारं आहेत. सेमग्रेप सुरक्षेच्या तपासणीसाठी जास्त वापरलं जातं. लिनक्सच्या कर्नलमध्ये सी भाषेसाठी कॉक्सिनेल वापरतात; फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ लेडीबर्ड, म्हणजे किडे (बग) खाणारा किडा. मला पायथन आणि थोडं जावास्क्रिप्ट एकाच अवजारानं तपासायचं होतं, म्हणून मी एएसटी-ग्रेप घेतलं.

यात शोध लिहायची पद्धत मला सगळ्यात आवडली. आपल्याला जे शोधायचंय ते कोडसारखंच लिहायचं आणि जिथं काहीही चालेल तिथं डॉलरचं चिन्ह लावून रिकामी जागा सोडायची. राउंड($ए). बस. हा तुकडाही ते स्वतः फोडतं, त्याचं छोटं झाड करतं आणि मोठ्या झाडात तसाच आकार कुठं बसतो ते बघतं. एका डॉलरच्या जागेत एकच गाठ बसते, मग ती गाठ कितीही मोठी असो, आत दहा कंस असोत. तीन डॉलर लावले की कितीही गाठी. एकच नाव दोनदा वापरलं तर दोन्ही ठिकाणी तोच मजकूर असायला हवा. $ए - $ए असं शोधून मला एका जुन्या अहवालात वजनातून तेच वजन वजा केलेलं सापडलं, कुणीतरी डागाची वजावट लिहिताना चुकीचं नाव उतरवलं होतं. तो अहवाल आता कुणी काढत नाही, तरी दुरुस्त केला.

राउंड($ए) ला पुन्हा १४३ आले. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला, याचा मला फार आधार वाटला.

यानंतर एका जागी मी फसता फसता वाचले. आधी पट्टीच्या कोडमधलेच राउंड बघावेत म्हणून नियमांची फाईल लिहिली. राउंड($ए) शोध, पण ज्या फंक्शनच्या नावात पट्टी आहे त्याच्या आतलाच. उत्तर आलं शून्य. लाल अक्षर नाही, चूक नाही, फक्त काहीही सापडलं नाही. क्षणभर मी पुढच्या कामाला लागणारही होते. पण ज्या पट्टीवरून हे सगळं सुरू झालं तो राउंड मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तो कुठं गेला? कागदपत्रं वाचल्यावर कळलं की "च्या आत" याचा अर्थ हे अवजार, वेगळं सांगितलं नाही तर, "लगेच वरच्या गाठीत" असा घेतं. राउंडच्या लगेच वर असते एखादी बेरीज किंवा "रक्कम =" अशी ओळ. फंक्शन त्याच्या चार-पाच पायऱ्या वर. शेवटपर्यंत वर जात राहा, असं नियमात वेगळं लिहावं लागतं. ते लिहिल्यावर ३८ आले. तेव्हापासून कुठलाही नवा नियम लिहिला की, नक्की असलेल्या एका जागेवर तो आधी चालवते. ती सापडली तरच पुढे. रिकामी यादी आली की मला आता समाधान वाटत नाही, शंका येते.

बदलण्याचं काम एकदम सगळीकडे करायचं नाही, असं मी आणि सरांनी ठरवलं. हे अवजार एकेक जागा दाखवत जातं, जुनं वर, नवं खाली, आणि बदलू का म्हणून विचारतं. आम्ही दोघं दोन दिवस शेजारी बसलो. मध्ये भडंगाचा पुडा. प्रत्येक जागेला सर सांगत, "हे तोलाईचं, बदल. हे छपाईचं, कागदावर ओळ किती मिलिमीटर खाली घ्यायची, राहू दे. हे बेदाण्याच्या ओलाव्याची सरासरी, राहू दे." वाक्यपृथक्करणानं कर्ता-कर्म कळतं, वाक्य कशाबद्दल आहे ते कळत नाही. हा आकडा रुपये आहे की मिलिमीटर, हे झाडाला माहीत नसतं. ते सरांना माहीत होतं. ९६ बदलले, ४७ ठेवले. १९ शून्यवाल्यांपैकी सगळे बदलले. कितीतरी ठिकाणी सर थांबून सांगत होते, हा दर कुणाच्या सांगण्यावरून आला, ही सूट कुठल्या दुकानासाठी ठेवली. ते मी टिपा म्हणून तिथंच लिहून घेतलं. हे ऐकायला मिळालं म्हणून तरी एकेक जागा बघायचा निर्णय बरोबर ठरला.

मग पडताळा. पायथन २ वर असतानाच्या हंगामातल्या जुन्या पट्ट्या डेटाबेसमध्ये होत्याच. त्या सगळ्यांचा हिशेब नव्या कोडनं पुन्हा केला आणि जुन्या आकड्यांशी लावला. जवळपास सगळं जुळलं. पण गुळाच्या काही पट्ट्यांत रुपया अजून हलत होता.

सापडलं ते असं: मॅप(राउंड, रकमा). इथं राउंडला हाक मारलेलीच नाही. त्याचं नाव फक्त दुसऱ्याच्या हातात दिलंय, "यादीतल्या प्रत्येकाला हे कर" म्हणून. माझ्या नमुन्यात कंस होते, म्हणजे हाक होती, म्हणून ही जागा त्यात बसलीच नाही. झाडानं चूक केली नव्हती, मी प्रश्न अपुरा विचारला होता. मग नुसतं राउंड हे नाव, कुठल्याही कंसाशिवाय, असा दुसरा शोध घेतला आणि आणखी तीन निघाले.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी. हमालांना लॉटबरोबर जी चिठ्ठी जाते, तिच्यावर रक्कम छापताना राउंड वापरलेलाच नव्हता. "दशांश न ठेवता छाप" अशी टक्क्याच्या चिन्हाची छपाईची पद्धत होती, आणि तीही बरोबर अर्ध्याला सम संख्येकडे नेते. पायथन २ मध्येही नेत होती. म्हणजे चिठ्ठीवर पाच पोत्यांचे बासष्ट आणि वाटपात त्रेसष्ट, हे आमचं ३ वर येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. दिवाणजींना सांगितलं तेव्हा ते गप्प झाले, मग म्हणाले, "मुकादम दोन वर्षांपूर्वी हेच सांगत होता. मी म्हटलं, तुला नीट वाचता आलं नसेल." त्यांनी त्याच दिवशी मुकादमाला गादीवर बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर सांगितलं की तो बरोबर होता. चूक कोडची होती, ऐकून घ्यावं लागलं त्या माणसाला. याचं मला अजून वाईट वाटतं.

अशा छपाईच्या जागा शोधताना रचना आणि अक्षरं दोन्ही लागली. आधी झाडातून टक्क्याचं चिन्ह असलेली गाठ काढायची, तिच्या डाव्या बाजूला मजकूर आहे असं बघायचं, आणि मग त्या मजकुरात "शून्य दशांश" ची खूण आहे का ते अक्षरांवरून. टक्क्याचं चिन्ह भागाकारातली बाकी काढायलाही वापरतात, नुसत्या अक्षरांनी ते वेगळं करता आलं नसतं.

आणि शेवटी कोड डेटाबेसला जे प्रश्न (क्वेरी) विचारतो त्यांच्यातले राउंड. पायथनच्या झाडात ते सगळे अवतरणचिन्हांतला मजकूर, आत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तिथं मी परत साधं ग्रेप चालवलं आणि मोठ्या अक्षरांतले ५२ राउंड पाचेक मिनिटांत हाती आले. पोस्टग्रेस तिथं अर्धा वर नेतो, म्हणून बदलायचे नव्हते. पण रकाना दशांश आहे की तरंगता (फ्लोटिंग पॉइंट), म्हणजे आकडा अंदाजे साठवणारा, हे प्रत्येक ठिकाणी बघितलं. तरंगत्या रकान्याचा भरवसा धरता येत नाही. असे दोन निघाले, ते दशांश करून घेतले. रचनेनं शोधायला शिकले म्हणून अक्षरांनी शोधणं सोडायचं, असं मला अजिबात वाटत नाही.

आता हिशेबाच्या फोल्डरमध्ये कुणीही नवा राउंड लिहिला, कंसासह किंवा कंसाशिवाय, तर कोड जमा करतानाच नियम अडवतो. संदेश मी मराठीत लिहिलाय: "रुपयाची रक्कम असेल तर रुपया_पूर्ण वापरा. नसेल तर टीप लिहून का ते सांगा." गेल्या आठवड्यात नव्यानं लागलेल्या मुलाचा कोड अडला. त्याचा राउंड कागदाच्या मापाचा होता. त्यानं टीप लिहिली, नियमातून ती जागा वगळली, आणि मला येऊन विचारलं, "ताई, हे 'आठ आणे' म्हणजे किती पैसे?" रुपया_पूर्णच्या वरच्या टिपेत सरांनी ते लिहून ठेवलं होतं.

दहाव्या दिवशी मी परत यार्डात गेले. दिवाणजींनी पहिला तोच प्रश्न विचारला, "अजून कुठं आहे का?" मी कागद पुढे ठेवला. हाक मारलेले १६२, त्यातले बदललेले ११५, ठेवलेले ४७ आणि प्रत्येकाचं कारण, नावानं दिलेले चार, छपाईच्या सात जागा, डेटाबेसचे ५२. त्यांनी तो कागद शेवटपर्यंत वाचला. ठेवलेल्या ४७ मधल्या तिघांवर बोट ठेवून विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी वही उघडली, आदल्या दिवसाच्या पट्ट्यांचा गठ्ठा ओढला आणि चष्मा खाली घेतला.

"पाच पोती."

"त्रेसष्ट," मी स्क्रीनवरून वाचलं.

लाल पेनची एक टिचकी. "तेरा पोती."

"एकशे त्रेसष्ट."

टिचकी. त्यांनी पुढची पट्टी उचलली.